मानसोपचार : इतिहास

चिंता, अवसाद अथवा आयुष्यातील अवघड स्थित्यंतरे यांमुळे व्यथित झालेल्या व्यक्तीवर, मुख्यतः संभाषण व परस्परसंबंध यांच्या द्वारे, प्रशिक्षित व्यक्तीकडून पद्धतशीरपणे केल्या जाणाऱ्या उपचारास मानसोपचार म्हणतात. औषधयोजना, विद्युत् उपचार यांसारख्या शारीरिक उपायांहून तो वेगळा असला, तरी व्यवहारात दोहोंचा संयुक्त वापर पुष्कळदा केला जातो. चिंता म्हणजे निश्चित विषय नसलेली किंवा विषयाच्या मानाने अवाजवी असलेली भीती होय. छातीत धडधडणे, घाम येणे, झोप न लागणे ही तिची नेहमीची लक्षणे. अवसादात दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, कशातही रस न वाटणे, थकवा, अपराधी भावना आणि काही वेळा मृत्यूचे विचार आढळतात. जिवलगाचा मृत्यू, विवाह, अपत्यजन्म, स्थलांतर, नोकरी जाणे, सेवानिवृत्ती यांसारखी स्थित्यंतरे स्वतः विकार नव्हेत. तथापि त्यांच्याशी जुळवून घेताना व्यक्तीची शक्ती अपुरी पडली, तर चिंता व अवसाद यांना वाट मिळते.

मानसोपचाराच्या इतिहासात तीन प्रश्न वारंवार पुढे येतात : दुःखाला विकार केव्हा म्हणावे, त्यावर उपचार करण्याचा अधिकार कोणाला असावा आणि हा उपचार कोणाला मिळावा. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला आणि तोच आज सर्वांत निकडीचा ठरला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन विचार : शब्दाने दुःख हलके होते, ही जाणीव फार जुनी आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील अँटिफॉन या ग्रीक वक्त्याने कॉरिंथ येथे बाजारपेठेजवळ जागा घेऊन दुःखितांवर शब्दांनी उपचार करण्याचा व्यवसाय मांडला होता, अशी कथा आढळते. स्टोइक तत्त्वज्ञांनी मनुष्य घटनांमुळे नव्हे, तर घटनांविषयीच्या स्वतःच्या मतांमुळे अस्वस्थ होतो, असे प्रतिपादन केले. रोमन वक्ता सिसेरो याने आपल्या मुलीच्या मृत्यूनंतर (इ. स. पू. ४५) शोकातून सावरण्यासाठी तत्त्वचिंतनपर लेखनाचा आश्रय घेतला. भारतात चरकसंहितेत चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात मंत्र, जप, दान इत्यादींचा व दुसऱ्यात आहार व औषधे यांचा समावेश होतो. सत्त्वावजय म्हणजे अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे होय. विसाव्या शतकातील भारतीय मनोवैद्यांनी या तिसऱ्या प्रकारात मानसोपचाराचे बीज पाहिले. अबू झैद अल्-बल्खी (सु. ८५०–९३४) या इस्लामी विद्वानाने शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहून सकारण दुःख आणि अकारण दुःख यांत भेद केला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्टनने विषण्णतेवरील आपला प्रचंड ग्रंथ १६२१ मध्ये प्रसिद्ध केला.

या सर्व विचारांत सांत्वन व उपदेश यांचा भाग मोठा होता. गावोगावचे पुरोहित, फकीर, वैद्य व देवऋषी हेच लोकांचे प्रत्यक्ष आधार होते. महाराष्ट्रात स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांतून सासर-माहेरची, वियोगाची व वैधव्याची व्यथा बोलून दाखविली. यास मानसोपचार म्हणता येणार नाही. परंतु दुःखाला शब्द देणे आणि ते कोणीतरी ऐकणे या दोन गोष्टींची गरज त्यातून स्पष्ट दिसते.

संमोहनापासून संभाषणाकडे : आधुनिक मानसोपचाराचा उगम एका चुकीच्या सिद्धांतातून झाला. फ्रांट्‌स आंटोन मेस्मर (१७३४–१८१५) याने प्राणिज चुंबकत्व नावाच्या अदृश्य द्रवाच्या साहाय्याने रोग बरे होतात, असा दावा केला. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने १७८४ मध्ये तो फेटाळला. बेंजामिन फ्रँक्लिन व आंत्वान लाव्हॉझ्ये हे या समितीचे सदस्य होते. असा द्रव अस्तित्वात नसून परिणाम कल्पनाशक्तीमुळे होतो, असा समितीचा निष्कर्ष होता. कल्पनाशक्तीने शरीरावर एवढा परिणाम होत असेल, तर तो कसा होतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४३ मध्ये या अवस्थेला संमोहनवाचक नवे नाव देऊन तिचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल याने १८४५ पासून मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना निद्रावस्थेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. फ्रान्समध्ये झां मार्तँ शार्को व ईपॉलीत बर्नहाइम यांच्यात संमोहनाच्या स्वरूपाविषयी मोठा वाद झाला. सूचनेचा प्रभाव निरोगी माणसावरही पडतो, हे बर्नहाइमचे मत अखेरीस टिकले. १८८७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे व्हान रेंटरगेम व व्हान एडन या दोन डच वैद्यांनी सूचनोपचाराचे चिकित्सालय उघडले.

व्हिएन्ना येथील वैद्य योझेफ ब्रॉइअर (१८४२–१९२५) याने १८८० ते १८८२ या काळात एका तरुण स्त्रीवर उपचार केले. वाङ्मयात ती ‘ॲना ओ.’ या नावाने ओळखली जाते. वडिलांच्या आजारात शुश्रूषा करताना तिला पक्षाघातासारखी व वाचादोषाची लक्षणे जडली होती. लक्षणाशी निगडित असलेला प्रसंग ती सविस्तर सांगे, तेव्हा ते लक्षण ओसरत असे. या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. ती पूर्ण बरी झाल्याचा पुढे झालेला बोलबाला मात्र खरा नव्हता. त्यानंतरही तिला काही काळ रुग्णालयात राहावे लागले. पुढील आयुष्यात बेर्टा पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने तिने जर्मनीतील ज्यू स्त्रियांसाठी मोठे सामाजिक कार्य केले.

मनोविश्लेषण : ब्रॉइअर व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांचा उन्मादविषयक ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रॉइडने पुढे संमोहन सोडून मुक्त साहचर्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाने मनात येईल ते न निवडता सांगावे आणि विश्लेषकाने निरोधित इच्छा व संघर्ष यांचा त्यातून माग घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. रुग्ण आपल्या पूर्वीच्या नात्यांतील भावना विश्लेषकावर आरोपित करतो, या निरीक्षणामुळे उपचारक व रुग्ण यांच्यातील संबंध हाच उपचाराचा विषय बनला. शोक व विषण्णता यांची तुलना करणारा फ्रॉइडचा निबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शोकात जग रिकामे वाटते, तर विषण्णतेत ‘स्व’च रिकामा व तुच्छ वाटतो, असा भेद त्याने केला. शोक हा विकार नसून कालांतराने तो ओसरतो, असेही त्याने स्पष्ट केले.

मनोविश्लेषण खर्चिक होते. आठवड्यातून अनेक तासिका आणि महिनोन्‌महिने चालणारा उपचार फक्त सधन वर्गाला परवडणारा होता. १९१८ मध्ये बूडापेस्ट येथील परिषदेत फ्रॉइडने या मर्यादेची जाणीव करून दिली. गरीब माणसाला शस्त्रक्रियेचा जेवढा हक्क आहे, तेवढाच मनासाठी साहाय्य मिळण्याचाही आहे, असे सांगून निःशुल्क चिकित्सालयांची कल्पना त्याने मांडली. तीनुसार १९२० मध्ये बर्लिन येथे व १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे अशी चिकित्सालये सुरू झाली. रुग्णाने ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे आणि ऐपत नसल्यास देऊ नये, असा त्यांचा प्रघात होता. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, १९३८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि बहुसंख्य ज्यू विश्लेषकांना देशत्याग करावा लागला. अमेरिकेत त्यांना आश्रय व प्रतिष्ठा मिळाली. परंतु निःशुल्क चिकित्सेची परंपरा तेथे तशी रुजली नाही.

उपचार कोणी करावेत, हा वादही याच काळात उद्भवला. टेओडोर राइक या वैद्यकीय पदवी नसलेल्या विश्लेषकावर व्हिएन्नामध्ये भोंदू वैद्यकीचा आरोप ठेवण्यात आला, तेव्हा फ्रॉइडने १९२६ मध्ये एक पुस्तिका लिहून अवैद्यक विश्लेषकांची बाजू घेतली. अमेरिकेतील मनोविश्लेषकांच्या संघटनेने मात्र दीर्घकाळ वैद्यकीय पदवीचा आग्रह धरला. [⟶ मनोविश्लेषण].

युद्ध, शोक आणि आणीबाणीचे प्रसंग : पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांना कंप, मूकत्व, दुःस्वप्ने यांनी ग्रासले. त्यांना भ्याड म्हणावे की आजारी, हा प्रश्न केवळ वैद्यकीय नव्हता. रणांगण सोडणाऱ्या सैनिकास देहान्ताची शिक्षा होऊ शकत होती. डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स याने स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात अशा अधिकाऱ्यांना अनुभव दडपण्याऐवजी त्यांविषयी बोलण्यास उत्तेजन दिले. धडधाकट माणसाचेही मन असह्य प्रसंगापुढे कोलमडू शकते, ही गोष्ट या युद्धामुळे मान्य झाली.

शांततेच्या काळातील स्थित्यंतरांचा अभ्यास एका दुर्घटनेतून पुढे गेला. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टन येथील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या करमणूकगृहास आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. मनोवैद्य एरिख लिंडमान याने या दुर्घटनेतील वाचलेल्या व्यक्ती, मृतांचे नातेवाईक आणि इतर शोकग्रस्त यांचे निरीक्षण करून १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे नोंदविली. श्वास कोंडणे, मृताच्या प्रतिमेने मन व्यापणे, अपराधी वाटणे, चिडचिड आणि नेहमीची कामे न सुचणे ही ती लक्षणे होत. शोक टाळणाऱ्यांना पुढे अधिक त्रास होतो आणि आठ-दहा भेटींच्या साहाय्यानेही पुष्कळांचे शोककार्य मार्गी लागते, असे त्याचे मत होते. जेरल्ड कॅप्लन याने या विचारातून आणीबाणीप्रसंगीच्या अल्पकालीन साहाय्याची उपपत्ती विकसित केली. एरिक एरिक्सन याने १९५० मध्ये मानवी आयुष्याचे आठ टप्पे कल्पून प्रत्येक टप्प्यावरील विशिष्ट पेचाचे विवेचन केले. टॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये ४३ जीवनघटनांची गुणश्रेणी तयार केली. तीत पती वा पत्नीच्या मृत्यूस १०० आणि विवाहास ५० गुण होते. आनंदाच्या घटनाही मनावर भार टाकतात, हे तिच्यामुळे सर्वसामान्यांच्या ध्यानी आले.

समुपदेशनाचा उदय : कार्ल रॉजर्स (१९०२–८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा समुपदेशन व मानसोपचार या विषयावरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. साहाय्यार्थीला उपाय सांगण्याऐवजी त्याचे म्हणणे समरसतेने ऐकावे, त्याचा विनाअट स्वीकार करावा आणि उपचारकाने स्वतः मुखवटा न धारण करता वागावे, असे त्याने प्रतिपादन केले. ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी त्याने ‘साहाय्यार्थी’ या अर्थाचा शब्द रूढ केला. उपचारप्रसंगांचे ध्वनिमुद्रण करून ते अभ्यासासाठी खुले करण्यातही तो अग्रेसर होता. बंद दाराआडील संभाषण यामुळे प्रथमच तपासता येऊ लागले. इंग्लंडमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनीवरून साहाय्य देणारी ‘समॅरिटन्स’ ही संस्था स्थापन केली. ऐकण्याचे प्रशिक्षण घेतलेले सामान्य स्वयंसेवक हेच तिचे बळ ठरले.

परिणामकारकतेचा वाद : हान्स आयसेंक याने १९५२ मध्ये एक खळबळजनक निबंध प्रसिद्ध केला. मज्जाविकृतीचे सु. दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचार मिळो वा न मिळो, दोन वर्षांत सुधारतात. सबब मानसोपचाराचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असा त्याचा दावा होता. त्याच्या आकडेवारीवर आक्षेप घेतले गेले, परंतु पुराव्याची मागणी टाळता येण्यासारखी नव्हती. मेरी स्मिथ व जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून मानसोपचार घेणारी व्यक्ती न घेणाऱ्या सरासरी व्यक्तीपेक्षा निश्चितपणे अधिक सुधारते, असे दाखवून दिले. निरनिराळ्या पद्धतींच्या यशात मात्र फारसा फरक आढळला नाही. जेरोम फ्रँक याने १९६१ मध्येच याचे एक कारण सुचविले होते. विश्वासाचे नाते, दुःखाचा पटेल असा उलगडा आणि आशा हे घटक सर्व यशस्वी पद्धतींत, किंबहुना पारंपरिक उपचारकांच्या विधींतही समान असतात, असे त्याचे म्हणणे होते.

वर्तनोपचार व बोधात्मक उपचार : दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे याने १९५८ मध्ये भीतीवरील क्रमशः सरावाची पद्धत मांडली. शरीर शिथिल ठेवून भीतीच्या विषयाला पायरीपायरीने सामोरे गेल्यास भीती ओसरते, हे तिचे सूत्र होय. न्यूयॉर्क येथे ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) याने १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली. घटनेपेक्षा घटनेविषयीचे अविवेकी समज दुःखाला कारण होतात, हे तिचे गृहीतक असून त्यात स्टोइकांचे ऋण एलिसने मोकळेपणाने मान्य केले. फिलाडेल्फिया येथील एरन बेक (१९२१–२०२१) हा मूळचा मनोविश्लेषक. अवसादग्रस्तांच्या स्वप्नांचा अभ्यास करताना फ्रॉइडच्या उपपत्तीस पुरावा मिळेना, तेव्हा त्याचे लक्ष रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या नकारात्मक विचारांकडे वळले. स्वतः, जग व भविष्य या तिन्हींविषयीचे असे विचार लिहून काढणे, त्यांना आधार आहे काय हे तपासणे आणि छोट्या कृतींनी त्यांची परीक्षा घेणे, हे त्याच्या पद्धतीचे स्वरूप होय. सौम्य व मध्यम अवसाद आणि बहुतेक चिंताविकृती यांवर ती गुणकारी असल्याचे पुढे पुष्कळ चाचण्यांतून दिसून आले.

जेरल्ड क्लेरमन व मर्ना वाइसमन यांनी विकसित केलेली आंतरव्यक्तिक उपचारपद्धती स्थित्यंतरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शोक, नात्यांतील कलह, भूमिकेतील बदल आणि एकाकीपणा या चारांपैकी एका प्रश्नावर बारा ते सोळा भेटींत लक्ष केंद्रित करणे, ही तिची रीत होय. नववधू, नवमाता, स्थलांतरित, निवृत्त अशा प्रत्येकाला जुनी भूमिका सोडताना शोक होतो, तो मान्य करून नवी भूमिका शिकावी लागते, हा विचार तिच्या मुळाशी आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ही पद्धती व बोधात्मक वर्तनोपचार या दोहोंनी सौम्य अवसादात चांगली कामगिरी बजावली. तीव्र अवसादात इमिप्रामीन या औषधाचे पारडे जड राहिले.

औषधे व निदानाच्या सीमा : इमिप्रामिनाचा अवसादविरोधी गुण रोलांट कून या स्विस मनोवैद्याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. क्लोरडायाझेपॉक्साइड (१९६०) व डायाझेपाम (१९६३) ही चिंताशामके अल्पावधीत घरोघरी पोहोचली. त्यांची सवय लागते, हे उशिरा ध्यानात आले. या इतिहासाशी मुंबईचा अप्रत्यक्ष संबंध आहे. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. तिच्यापासून मिळणारे रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना अवसाद येतो, या निरीक्षणाने मेंदूतील रासायनिक द्रव्ये व अवसाद यांच्या संबंधाविषयीच्या संशोधनास चालना मिळाली. अवसाद म्हणजे एखाद्या द्रव्याची केवळ कमतरता, ही सुटसुटीत कल्पना आता पुरेशी मानली जात नाही.

अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने लक्षणांच्या सूचीवर आधारलेली निदाने रूढ केली. अलीकडेच आप्तवियोग झालेल्या व्यक्तीस अवसादाचे निदान लावू नये, हा अपवाद २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. स्वाभाविक शोकाला विकार ठरविले जाईल, अशी टीका त्यावर झाली; उलट शोकाच्या नावाखाली गंभीर अवसाद दुर्लक्षित राहू नये, असे समर्थकांचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकास स्वतंत्र स्थान दिले आहे.

भारत : ब्रिटिश अमदानीत मानसिक आरोग्य म्हणजे मनोरुग्णालये, असेच समीकरण होते. १८५८ व १९१२ च्या कायद्यांचा भर रुग्णांना बंदिस्त ठेवण्यावर होता. चिंतेने वा अवसादाने त्रस्त असलेला, पण संसार व नोकरी कशीबशी रेटणारा माणूस या व्यवस्थेच्या खिजगणतीतही नव्हता. कलकत्ता (कोलकाता) येथील वैद्य गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी १९२१ मध्ये निरोधनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहिला, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. परस्परविरोधी इच्छांच्या जोड्यांवर आधारलेली त्यांची उपपत्ती फ्रॉइडहून स्वतंत्र होती. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त १९३१ मध्ये या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली. बोस यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये कलकत्त्यातील एका सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. के. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. मनोरुग्णालयाच्या फाटकातून न जाता तज्ज्ञाकडे जाण्याची सोय प्रथम अशा विभागांमुळे झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात पाश्चात्त्य पद्धती जशाच्या तशा भारतात लागू पडतील काय, याची चर्चा सुरू झाली. अमृतसर येथे विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या कुटुंबियांना रुग्णालयाच्या आवारातच राहू देऊन उपचारांत सहभागी करून घेतले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगावर आधारित उपचारांचे प्रयोग केले आणि १९६६ पासून त्यांवर लेखन प्रसिद्ध केले. जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य संबंधाच्या नमुन्यावर मानसोपचाराची मांडणी केली. भारतीय साहाय्यार्थी उपचारकाकडून तटस्थ मौनापेक्षा आपुलकीच्या मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

महाराष्ट्र व गोवा : मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा परिचय प्रामुख्याने किशोर फडके यांच्यामुळे झाला. त्यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, मुंबईत प्रशिक्षणवर्ग चालविले आणि मराठीत लेखन केले. ठाणे येथे १९९० मध्ये मनोवैद्य आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने समुपदेशनाबरोबरच लोकशिक्षणावर भर दिला. तथापि अशा सोयी बव्हंशी शहरांत व सुशिक्षित वर्गापुरत्या मर्यादित राहिल्या.

ही मर्यादा ओलांडण्याचा जगात नावाजलेला प्रयत्न गोव्यात झाला. तेथील ‘संगत’ (स्थापना १९९६) या संस्थेने मनोवैद्य विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मानस’ हा प्रकल्प हाती घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या अंगदुखी, थकवा व निद्रानाश यांमागे अवसाद किंवा चिंता असते आणि हे रुग्ण आपल्या त्रासाला आजार न म्हणता ‘टेन्शन’ म्हणतात, असे आढळून आले होते. प्रकल्पात स्थानिक व्यक्तींना अल्पकालीन प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमण्यात आले. २४ आरोग्य केंद्रे व खाजगी दवाखाने यांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत बरे होण्याचे प्रमाण वाढले, खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. पुढे सु. ५०० अवसादग्रस्तांवरील दुसऱ्या चाचणीत (२०१७) अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना लहानलहान आनंददायक व उपयुक्त कामांकडे वळविले. तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के व न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण अवसादातून बाहेर आले होते. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या उपक्रमात अवसादासाठी साहाय्य घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले.

याच सुमारास इतर देशांतही तसेच प्रयोग झाले. पाकिस्तानात गावपातळीवरील आरोग्यसेविकांनी बाळंतिणींच्या अवसादावर केलेल्या उपचारांचे यश २००८ मध्ये नोंदविले गेले. झिंबाब्वेतील हरारे येथे २००६ पासून दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून वयस्क स्त्रिया साहाय्यार्थींशी बोलू लागल्या. अतिविचार या अर्थाचा स्थानिक भाषेतील रूढ शब्दच तेथे अवसादासाठी वापरला जातो. ब्रिटनमध्ये २००८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेतून बोधात्मक वर्तनोपचार निःशुल्क देण्याची व्यापक योजना सुरू झाली.

सद्यःस्थिती : भारतातील १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०·६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (अंमल २०१८) शासकीय आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळणे हा हक्क मानला, विमा कंपन्यांवर शारीरिक व मानसिक आजारांना समान लेखण्याचे बंधन घातले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची तरतूद केली. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून तीत मराठीसह अनेक भाषांतून साहाय्य मिळते. २०२० च्या करोना साथीनंतर दूरस्थ उपचारांचा प्रसार झाला. संगणकाशी होणाऱ्या संभाषणाचा प्रश्नही आता ऐरणीवर आला आहे. जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ मध्ये मॅसॅचूसेट्स येथे मानसोपचारकाची नक्कल करणारी आज्ञावली तयार केली, तेव्हा लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागलेले पाहून तो स्वतःच अस्वस्थ झाला होता.

साहाय्य घेण्यातील अडचण केवळ तज्ज्ञांच्या तुटवड्याची नाही. ‘वेडा ठरविले जाईल’ ही भीती, मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती, पुरुषाने रडू नये हा संकेत आणि रोजंदारी बुडण्याचे भय ही कारणेही तेवढीच प्रबळ आहेत. पुष्कळ रुग्ण प्रथम भगताकडे, नंतर अंगदुखीसाठी डॉक्टरकडे व अखेरीस, पोहोचलाच तर, मानसोपचारकाकडे जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, काम वा नाती यांवर परिणाम करणारी खिन्नता वा चिंता असल्यास साहाय्य घेणे इष्ट असते. मृत्यूचे विचार येत असल्यास ते विनाविलंब घ्यावे, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. संभाषणाने दारिद्र्य, कर्ज, मारहाण वा बेकारी दूर होत नाही आणि या कारणांकडे दुर्लक्ष करून केलेला उपचार अपुरा पडतो. तरीही सु. सव्वाशे वर्षांपूर्वी सधनांच्या दिवाणखान्यापुरती असलेली ही सेवा गावातील आरोग्यसेविकेला शिकता येते आणि तिच्या हातून ती गुणकारीही ठरते, हे आता सिद्ध झाले आहे. १९१८ मध्ये मांडली गेलेली समान हक्काची कल्पना प्रत्यक्षात आणणे हे त्यामुळे ज्ञानापेक्षा इच्छाशक्ती व अर्थसंकल्प यांवर अधिक अवलंबून आहे.